यातली मी कुठली?

हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडा, तांदूळ निवडा, कान तेवढा इकडे असू द्या. आज मी हिशोबाचं किंवा कर्जफेडीचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे फोटोबद्दल. आपल्या तोंडाच्या फोटोबद्दल.

गेल्या वर्षी तालुक्याच्या विक्री-प्रदर्शनात आमच्या गटांचा स्टॉल होता. पत्रक छापायचं म्हणून बायकांचा फोटो हवा होता. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून एकजण आला, भर दुपारी बाराला. सभागृहाच्या उघड्या दारासमोर त्याने आम्हाला बसवलं, दाराकडे पाठ करून. "हलू नका. पदर सारखा करा. हसा." पाच मिनिटांत काम उरकून तो गेला. पत्रक छापून आलं तर मागचं दार दुधासारखं पांढरंफेक आणि पुढे अकरा काळे ठिपके. आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आक्का. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं आणि विचारलं, "यातली मी कुठली गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

चार महिन्यांनी आक्का गेल्या. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून घरच्यांनी शोधाशोध केली. लग्नाच्या अल्बममध्ये आक्का पंगतीत वाढताना पाठमोऱ्या. गटाच्या फोटोत नुसता काळा ठिपका. शेवटी ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मोठा करून आणला. डोळे विस्फारलेले, खांदे वर ओढलेले, ओठ घट्ट मिटलेले. त्याला हार घातला. सासरहून आलेली लेक त्या फोटोकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही आमची आई नव्हे."

आयुष्यभर सगळ्यांना हसवणारी बाई, आणि मागे राहिलं ते घाबरलेलं तोंड. मला ते फार लागलं. मी इतिहास घेऊन बी.ए. केलं आहे, त्यामुळे कुठलीही गोष्ट खटकली की हे आलं कुठून, असं विचारायची खोड आहे. माणसाला बसवायचं कसं, उजेड कुठून घ्यायचा, हे पहिल्यांदा कुणी ठरवलं? त्यात बाईचं काही चाललं का? शोधत गेले, वाचत गेले. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगते.

गोष्ट सुरू होते फ्रान्समधल्या पॅरिस शहरात. लुई दागेर नावाच्या गृहस्थाने १८३९ साली आपली फोटो काढायची रीत जगापुढे मांडली. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा कॅमेऱ्यात ठेवायचा, त्यावर उजेड पडू द्यायचा आणि मग पाऱ्याची वाफ द्यायची, की पत्र्यावर चित्र दिसायला लागायचं. पण उजेडाला वेळ लागायचा. लख्ख दिवसासुद्धा कित्येक मिनिटं. दागेरने त्याच्या आदल्या वर्षी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचं चित्र घेतलं होतं. रस्त्यावर माणसं होती, गाड्या होत्या, पण चित्रात रस्ता ओसाड दिसतो. चालणारं काहीच उमटलं नाही. कोपऱ्यात एकच आकृती नीट दिसते: बूट पॉलिश करून घ्यायला एक पाय वर ठेवून थांबलेला माणूस. जो थांबला तो उमटला, बाकी सगळे पुसले गेले.

मला वाटतं, आपल्या घरातल्या बाईचा फोटो का नसतो याचं एक उत्तर इथेच आहे. ती कधी थांबतच नाही.

त्याच १८३९ सालात अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने स्वतःचा फोटो काढला. याच्या घरचा धंदा दिव्यांचा, झुंबरांचा. तरी फोटोसाठी दिव्याचा उजेड त्याला पुरला नाही. दुकानामागे उघड्यावर कॅमेरा मांडून तो समोर येऊन थांबला. केस विस्कटलेले, हाताची घडी, आणि माणूस चौकटीच्या जरा एका बाजूला. जगात टिकून राहिलेल्या अगदी पहिल्या मनुष्य-छायाचित्रांत हे मोजलं जातं. दिवे विकणाऱ्यालाही शेवटी सूर्याकडेच जावं लागलं. या शहराचं नाव ध्यानात ठेवा. फिलाडेल्फियाला आपण परत येणार आहोत.

पुढे काच सुधारली, रसायनं सुधारली आणि मिनिटांचे सेकंद झाले. पण तेवढे सेकंदसुद्धा मान हलवायची नाही. म्हणून स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी टेकण असायचं. त्याला वर दोन बोटांसारखा चिमटा, तो डोक्याच्या मागून धरायचा. समोरून दिसायचा नाही. जुन्या फोटोतली माणसं ताठ आणि गंभीर दिसतात, त्याचं एक कारण हे. हसू इतका वेळ तोंडावर धरून ठेवता येत नाही, ते लगेच उसनं वाटायला लागतं. शिवाय मोठ्या माणसांची चित्रं गंभीरच असावीत अशी चित्रकारांच्या काळापासूनची रीत होती. टेकण गेलं, तो चिमटा गेला, पण "हलू नका" हा हुकूम मात्र राहिला. आमच्या सभागृहात त्या दुपारी जो ऐकू आला, तो पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हुकूम होता.

आता उजेडाचं बघू. तेव्हा वीज नव्हती. स्टुडिओ असायचे वरच्या मजल्यावर, छताला आणि एका भिंतीला काचा लावलेले. काच शक्यतो उत्तरेकडे. का? युरोप-अमेरिकेत उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही. येतो तो आभाळाचा मऊ, एकसारखा उजेड. काचेला पडदे असायचे. एका बाजूचा पडदा ओढला की तोंडाची एक बाजू उजळ आणि दुसरी जरा सावलीत. सावली फार काळी झाली तर त्या बाजूला पांढरं कापड उभं करायचं. त्यावर आपटून उजेड परत तोंडावर यायचा. चित्रकारांना हे फोटोच्या आधी दोनशे वर्षं माहीत होतं. हॉलंडचा रेम्ब्रांट सतराव्या शतकात असंच रंगवायचा. एक गाल उजळ, आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण. फोटोवाले आजही त्याला रेम्ब्रांटचा उजेड म्हणतात.

पण या जुन्या काचांची एक खोड होती. त्यांना निळा रंग फार लवकर दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणजे निळं लुगडं फोटोत पांढुरकं यायचं आणि लाल कुंकू काळं. गहूवर्णी, सावळी कातडी असायची त्याहून काळी यायची. तेव्हा आपली पणजी जुन्या फोटोत "काळीठिक्कर" दिसत असेल, तर पणजीला बोल लावू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सगळे रंग ओळखणाऱ्या काचा आणि फिल्मा आल्या आणि मग हे हळूहळू सुधारलं.

मधेच एक गोष्ट सांगते, ती वाचून मी बराच वेळ गप्प बसले होते. तान्ह्या बाळाला लोखंडी चिमटा कसा लावणार? मग विलायतेत काय करायचे, तर आईनेच बाळाला मांडीवर घट्ट धरायचं, आणि आईच्या अंगावर डोक्यापासून चादर किंवा पडदा टाकायचा. फोटोत वाटावं की बाळ कापड घातलेल्या खुर्चीवर बसलंय. असे कितीतरी फोटो आज जपून ठेवलेले आहेत. त्यांना "लपलेली आई" असंच नाव पडलं आहे. नीट बघितलं की चादरीखाली खांद्याचा आकार दिसतो, कुठे बाळाच्या पोटाशी हात दिसतो. बाळाला स्थिर ठेवणारी ती, आणि फोटोतून गायबही तीच.

आता आपल्या मुलखात येऊ. मुंबईत फोटोची विद्या लवकर पोचली. १८५४ साली तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार होते. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली.

पण त्या काळात साध्या माणसांचे फोटो कशासाठी निघाले, हेही ऐका. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने १८६० नंतरच्या काही वर्षांत मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातल्या अनेक फोटोंत माणसं एका ठिकाणची आणि मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा आहे. माणसांचा फोटो वेगळा घेऊन देखाव्यावर जोडलेला. पुढे १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने "द पीपल ऑफ इंडिया" नावाचे आठ खंड छापले. साडेचारशेहून जास्त फोटो. १८५७ च्या उठावानंतर आपल्या ताब्यातली प्रजा कोण कोण आहे, हे राज्यकर्त्यांना बघायचं होतं. बहुतेक फोटोंखाली जातीचं किंवा जमातीचं नाव आहे, त्या माणसाचं नाव नाही. कसं बसायचं, हातात काय धरायचं, कुठे बघायचं, ते कॅमेरेवाल्याने ठरवलेलं. आक्कांचा प्रश्न मला इथेही ऐकू आला. यातली मी कुठली?

त्याच सुमारास एका बाईने मात्र वेगळी वाट धरली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिचा जन्म १८१५ चा, आपल्याच कलकत्त्यातला. पुढे ती इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर राहायला गेली. मुलं मोठी झालेली. १८६३ च्या डिसेंबरात तिच्या लेकीने आणि जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. वय अठ्ठेचाळीस. आपल्याकडे त्या वयात बाईला म्हणतात, आता नातवंडं सांभाळ. तिने काय केलं? कोळसा ठेवायची खोली होती, ती फोटो धुवायची अंधारी खोली केली. काचेचं कोंबड्यांचं खुराडं होतं, त्यातल्या कोंबड्या हलवल्या आणि तिथे स्टुडिओ थाटला. पुढच्याच महिन्यात एका लहान मुलीचा फोटो तिच्या मनासारखा आला.

तिची पद्धत साधी होती. खूप ठिकाणाहून येणारा उजेड ती पडदे ओढून अडवायची आणि एकाच बाजूने थोडा आत घ्यायची. कॅमेरा तोंडाच्या जवळ. मागे गडद, रिकामं. तोंड काळोखातून वर आल्यासारखं दिसायचं. समोरच्याला काही मिनिटं बसून राहावं लागायचं, तेवढ्यात जरा हललं तर कडा धूसर व्हायच्या. जाणकार म्हणवणारे हसले, हिला कॅमेरा नीट लावता येत नाही म्हणाले. तिने आपली रीत सोडली नाही. आणि एक गोष्ट मला फार आवडली. तिने चार्ल्स डार्विनसारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचा फोटो काढला, आणि घरात कामाला असलेल्या मेरी हिलियर नावाच्या मुलीचे तर कितीतरी काढले. त्या मुलीला तिने येशूची आई मेरी म्हणून बसवलं. डार्विनला जसा मन लावून उजेड दिला तसाच घरकाम करणाऱ्या पोरीलाही. उजेड हुद्दा विचारत नाही, मैत्रिणींनो. उजेड कुणाला द्यायचा हे माणूस ठरवतो.

आता फिलाडेल्फियाला परत जाऊ. १० ऑक्टोबर १८८५ चा तिथला एक फोटो आहे. बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी मुली. मधे जपानची केई ओकामी, तिच्या जपानी पोशाखात. उजवीकडे सीरियाची सबात इस्लामबुली, तिच्या देशाच्या पोशाखात. आणि डावीकडे साडी नेसलेली आपली आनंदीबाई जोशी. कल्याणला जन्मलेली, विशीतली पोर. आपला धर्म, आपला वेश सोडणार नाही, असं १८८३ साली निघण्याआधी ती भरसभेत सांगून गेली होती. हजारो मैलांवर, थंडीच्या मुलखात, ती साडी नेसूनच कॅमेऱ्यासमोर आली. फोटोखाली तिघींची नावं आहेत. जातीजमातींच्या खंडांतल्या बिननावाच्या बायका आणि ही आनंदीबाई, यांच्यात जेमतेम दहा वर्षांचं अंतर आहे. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. विचार करा, त्या दिवशी "माझा कशाला फोटो" म्हणून ती मागे राहिली असती, तर आज शाळेतल्या पोरींना तिचं काय दाखवलं असतं?

पण सगळ्याच बायकांना असं कॅमेऱ्यासमोर येता येत नव्हतं. परक्या पुरुषासमोर तोंड दाखवायचं नाही अशी कितीतरी घरांत चाल होती. राजा दीनदयाळ हे त्या काळचे देशातले सगळ्यात नावाजलेले छायाचित्रकार, हैदराबादच्या निजामाचे. त्यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो चालवायला केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई नेमली. कॅमेऱ्यामागे बाई, कॅमेऱ्यापुढे बाई. आतल्या कामाला पुरुष नाही. दीनदयाळांना धंदा कळत होता. बाई मोकळी बसल्याशिवाय फोटो मोकळा येणार नाही, हे त्यांना समजलं होतं. पुढे १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला.

मग आपल्या देशातली बाई स्वतः कॅमेरा घेऊन रस्त्यावर आली. होमाई व्यारावाला, जन्म १९१३, गाव नवसारी. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकली. सुरुवातीला तिचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे, कारण बाईचं नाव त्या धंद्यात कुणाला ठाऊक नव्हतं. मुंबईतल्या आपल्या मैत्रिणींचे, शिकणाऱ्या पोरींचे तिने काढलेले फोटो बघण्यासारखे आहेत. पुढे स्वातंत्र्याच्या काळातल्या दिल्लीतल्या मोठमोठ्या घटना तिने साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून टिपल्या. २०११ साली तिला पद्मविभूषण मिळालं.

एक शेवटची गोष्ट, म्हणजे इतिहास पुरा होईल. रंगीत फोटो आले तेव्हा दुकानातल्या यंत्रांना रंग बरोबर जुळवायला कोडॅक कंपनी एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिला शर्ली म्हणायचे. शर्लीची कातडी बरोबर दिसली की यंत्र बरोबर. म्हणजे काळ्यासावळ्या माणसाचा फोटो बिघडला तरी यंत्राच्या मते सगळं ठीकच. या फिल्मवर गडद रंग नीट येत नाहीत अशी तक्रार मोठ्या आवाजात कुणी केली, माहीत आहे? चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांनी. त्यांच्या मालातला फरक फोटोत दिसेना म्हणून. निरनिराळ्या रंगांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९० नंतरचा काळ उजाडला. इतकी वर्षं आपल्या आया-मावश्या दुकानातून फोटो आणायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "मी मेली फोटोत चांगलीच येत नाही." हे वाक्य मी किती जणींच्या तोंडून ऐकलंय. बायांनो, फोटोत चांगलं येणं न येणं नशिबाने ठरत नाही. उजेड कुठून येतो आणि समोरचा आपल्याला कसं बसवतो, यावर ते ठरतं. या दोन्ही गोष्टी आज आपल्या हातात आहेत, कारण फोन आपल्या हातात आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर मी गटाच्या मासिक बैठकीत विषय काढला. म्हटलं, पुढच्या बैठकीला प्रत्येकीचा एकेक फोटो काढायचा. कुणी यायचं नाही, आपणच काढायचे. सकाळी आठला एका वहिनींच्या ओसरीवर जमलो. काय केलं ते सांगते, तुम्हीही करून बघा.

पहिलं, आम्ही ऊन टाळलं. बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो आणि नाकाखाली सावली पडते. ट्यूब किंवा बल्ब डोक्यावर असला तरी तसंच होतं. ओसरीवर छपराची सावली असते आणि समोर अंगणाचा उजेड. ती ओसरी म्हणजे आपला काचेचा स्टुडिओच. बाई ओसरीच्या कडेपासून दोन-तीन हात आत बसली, तोंड अंगणाच्या बाजूला. पाठीमागे माजघराचं उघडं दार, आत काळोख. ज्युलियाबाईच्या पडद्याचं काम त्या काळोखाने केलं.

दुसरं, बाईला अंगणाच्या अगदी समोर न बसवता जरा तिरकं बसवलं. एका गालावर उजेड जास्त, दुसऱ्यावर कमी. तोंडाला आकार येतो, सुरकुत्याही सुरेख दिसतात. सावलीची बाजू फार काळी वाटली तिथे एकीने पांढरं धोतर दोन्ही हातांनी ताणून धरलं, फोटोत येणार नाही असं. ज्या क्षणी धोतर जवळ आलं त्या क्षणी गाल उजळला. सगळ्या जणी "अगं बाई" करून ओरडल्या. दीडशे वर्षांपूर्वीची युक्ती, खर्च शून्य.

तिसरं, फोनची काच पदराने पुसली. पीठ, तेल, हळद सगळं तिच्यावर बसलेलं असतं, मग फोटो धुरकट येतो. फोन बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला. वरून धरला तर बाई लहान, दबलेली दिसते. अगदी तोंडाजवळही नेला नाही, तेवढ्या जवळून नाक मोठं येतं. चार-पाच हात अंतर ठेवलं. मग पडद्यावर तिच्या तोंडावर बोट टेकवलं, म्हणजे फोन तोंडाचा उजेड धरतो, मागचा नाही. उजेड कमीजास्त करायची खूण तिथेच येते, ती बोटाने वरखाली सरकवली.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. "हलू नका" म्हणायचं नाही असं ठरवलं होतं. लोखंडी चिमटा गेला, आता फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत फोटो घेतो. म्हणून बाईच्या हातात तिचं काम दिलं. कुणाच्या हातात वेचायची शेवगा-शेंग, कुणाच्या हातात सुईदोरा, एकीने आपली कोंबडीच मांडीवर घेतली. हाताला काम मिळालं की खांदे आपोआप खाली येतात. खांदे जरा वळवायचे, तोंड फोनकडे, हनुवटी किंचित खाली. मग एकीने तिच्याशी बोलत राहायचं. तुझी पहिली बचत किती होती, माहेरी कुठलं झाड होतं, असं काहीही. आणि पदर डोक्यावर ठेवायचा की नाही, चष्मा काढायचा की नाही, हसायचं की नाही, ते तिने ठरवायचं. फोटो काढून झाला की आधी तिला दाखवायचा. तिला नको असेल तर पुसून टाकायचा. तिला न विचारता कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही.

आमच्यातल्या एक काकू उठून निघाल्याच होत्या. "माझं तोंड काय बघायचं, ढोरं सोडायचीत." त्यांना तसंच गोठ्याच्या दारात थांबवलं. दावं हातात, एका बाजूने सकाळचा उजेड, मागे गोठ्याचा काळोख. म्हैस मागून ओरडली आणि काकू वळून तिला शिवी देतादेता हसल्या. तो फोटो निघाला. त्यांनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी अशी दिसते होय?" आणि मग हळूच, "एक कागदावर काढून आण. मोठा."

आम्ही सगळ्यांचेच कागदावर काढून आणले. गटाच्या खर्चातून, ठराव करून. फोनमधला फोटो फोनबरोबर जातो. प्रत्येक फोटोच्या मागे पेनाने नाव, गाव, तारीख आणि हातातलं काम लिहिलं. ते लिहायचं मला कुणी शिकवलं, सांगू? त्या आठ खंडांतल्या बिननावाच्या माणसांनी.

आक्कांचा फोटो मात्र आता निघणार नाही. त्यांच्या घरी गेले की भिंतीवरचं ते घाबरलेलं तोंड दिसतं आणि मला त्यांचा प्रश्न आठवतो. म्हणून एवढंच सांगते. पुढच्या बैठकीला वहीबरोबर एक पांढरं धोतर न्या. फोटो काढायला सुरुवात गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून करा. ती म्हणेल, माझा कशाला. तिला ओसरीच्या कडेला बसवा, हातात काहीतरी द्या आणि तिच्याशी बोलत राहा. ती थांबेल.

येते मी. ढोरं सोडायची वेळ झाली असेल तुमचीही.